चिलखत कोणाच्या अंगावर?

ज्या गोष्टीत ड्रॅगन आग ओकतो, त्या गोष्टीतले चिलखत मात्र खरे असले पाहिजे असा हट्ट धरणाऱ्यांची एक जमात आहे. मी त्या जमातीतला. आमच्यावर हसणारे पुष्कळ. त्यांचे म्हणणे असे की एकदा जादू मान्य केली, उडता घोडा मान्य केला, की मग लोखंडी कड्यांनीच काय घोडे मारले? वरवर पाहता बिनतोड वाटते. पण मला वाटते, गोम इथेच आहे. उडत्या घोड्याला कोणी तोलून पाहिलेले नाही. लोखंड मात्र आपण रोज उचलतो. विहिरीची साखळी, कोयता, नांगराचा फाळ, गॅसचा सिलिंडर. लोखंडाचे वजन आपल्या खांद्याला ठाऊक असते. म्हणून उडत्या घोड्याला खांदा काही विचारत नाही, पण चिलखताला विचारतो.

मात्र माझ्या जमातीतल्या मंडळींशीही माझे एक भांडण आहे. त्यांचा सगळा जीव कड्यांत अडकलेला असतो. 'माँटी पायथन'च्या १९७५ सालच्या होली ग्रेलवरच्या विनोदी सिनेमात चिलखते लोकरीची विणून वर चंदेरी रंग मारला होता, तर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'साठी न्यूझीलंडच्या कारागिरांनी प्लास्टिकच्या नळ्या कापून सव्वा कोटीच्या आसपास कड्या हाताने एकात एक गुंतवल्या. म्हणून पहिले खोटे आणि दुसरे खरे? पडद्यावर दोन्ही सारखीच बिनलोखंडी आहेत. कडी कशाची आहे हा प्रश्न ड्रेपरीवाल्याचा. गोष्ट सांगणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो कोणी विचारत नाही. चिलखत कोणाच्या अंगावर आहे, आणि कोणाच्या अंगावर नाही?

हे पटवून द्यायचे तर आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. लोखंडाची तार ओढून बारीक करायची, ती एका सळईवर गुंडाळायची, उभी कापून कड्या सुट्या करायच्या. प्रत्येक कडीची दोन्ही टोके ठोकून चपटी करायची, त्यांना भोक पाडायचे, कडी शेजारच्या चार कड्यांतून ओवायची आणि मग भोकात इवलासा रिवेट घालून ठोकून बंद करायची. हे वीस-तीस हजार वेळा केले की एक अंगरखा होतो. त्याचे वजन साधारण दहा किलो. म्हणजे तांदळाची एक पिशवी खांद्यावर टाकून दिवसभर हिंडायचे. कमरेला पट्टा आवळला तर थोडा भार कमरेवर उतरतो, एवढीच सवलत. दख्खनच्या आणि उत्तरेच्या कारागिरांनी यात पुष्कळ अक्कल लढवली. छातीवर आणि पाठीवर पोलादी पत्रे कड्यांत बसवून त्यांनी जिरहबख्तर केले, चार बाजूंना चार पत्रे बांधून चार-आइना केला.

हे काय करू शकते आणि काय नाही, हे त्याच्या रचनेतच लिहिलेले आहे. तलवारीचा ओढता वार ते अडवते, अगदी उत्तम अडवते. नेमका भोसकलेला भाला किंवा टोकदार बाण कधी अडवते, कधी कडी फोडून आत शिरतो. आणि गदेचा किंवा तलवारीच्या जोरदार घावाचा दणका ते मुळीच अडवत नाही. कडी शाबूत राहते, आतले हाड मोडते. म्हणून चिलखताच्या आत नेहमी कापूस भरलेला, जाड टाचलेला अंगरखा असतो. लोखंड धार थांबवते, कापूस दणका गिळतो. ही जोडी फोडली की दोघांचाही निम्मा उपयोग गेला.

आता आपल्या पडद्याकडे बघा. तिथे दोन चमत्कार एकाच वेळी घडतात. नायक उघड्या छातीने लढतो आणि त्याला ओरखडाही येत नाही. त्याच्यासमोरचे शेकडो सैनिक नखशिखान्त चिलखतात असतात आणि एका हेलकाव्यात चार-चार जण भाजीसारखे कापले जातात. म्हणजे ज्याला चिलखत नाही त्याला त्याची गरज नाही, आणि ज्याला आहे त्याला त्याचा उपयोग नाही! 'बाहुबली'च्या दुसऱ्या भागात ताडाची झाडे वाकवून सैनिक किल्ल्यात भिरकावले जातात, ते मी टाळ्या वाजवून पाहिले. कल्पनेची ती उडी मला मान्य आहे. पण लोखंडाने आपला लोखंडपणाच सोडला की लढाईत कोणी काही पणाला लावले आहे हेच वाटेनासे होते. भीती गेली की शौर्यही जाते.

उलट टोलकिनने काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्याचे 'मिथ्रिल' तर निखालस काल्पनिक धातू. पिसासारखे हलके आणि पोलादाहून कठीण चिलखत त्याने एका बुटक्या फ्रोडोच्या अंगात कपड्यांखाली लपवले. मोरियाच्या खाणीत त्याला भाला बसतो. भाला आत शिरत नाही, पण नंतर कपडे काढून पाहतात तेव्हा अंगावर काळानिळा वळ असतो आणि कड्या आतल्या चामड्यातून मांसात रुतलेल्या असतात. धातू खोटा, वळ खरा. त्या एका वळामुळे सगळे मिथ्रिल खरे होते. माझ्या हट्टाचा अर्थ एवढाच आहे.

हे शहाणपण विलायतेहून आणायची गरज नव्हती. आपल्या जुन्या अद्भुतकथांना ते ठाऊकच होते. कर्णाचे कवच जन्मजात आणि अभेद्य. पण महाभारतकाराने ते त्याच्या अंगावर शेवटपर्यंत ठेवले नाही. ब्राह्मणवेषात आलेल्या इंद्राला ते देण्यासाठी त्याला आपल्याच अंगावरून सोलून काढायला लावले. दुर्योधनाच्या मांडीची गोष्ट आपण जाणतोच. इराणच्या शाहनाम्यात इस्फंदियार नावाचा वीर आहे. त्याचे अंग शस्त्राने भेदत नाही. फक्त डोळे तेवढे उघडे. रुस्तुमचा बाण तिथेच लागतो.

या इस्फंदियारचा उल्लेख मी उगीच केलेला नाही. त्याच्या मुलाचे नाव बहमन. १३४७ साली दख्खनमध्ये अलाउद्दीन हसन याने दिल्लीपासून वेगळे राज्य उभे केले आणि आपली वंशावळ थेट या बहमनशी जोडली. तेच बहामनी राज्य. राजधानी आधी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, आणि पुढे पंधराव्या शतकात बीदर. म्हणजे गंमत बघा, ज्याच्या अंगाला शस्त्र लागत नाही अशा काल्पनिक वीराच्या नावावर एक घराणे खरोखरीचे राज्य करत होते. आणि त्या राज्याला खरोखरीच्या लढाईत खरोखरीचे लोखंड किती लागत होते, हे पाहून लिहून ठेवणारा एक साक्षीदारही आपल्याला लाभला आहे.

त्याचे नाव अफनासी निकितीन. रशियातल्या त्वेर गावचा हा व्यापारी १४७० च्या आसपास चौलच्या बंदरात उतरला. जुन्नरमार्गे बीदरला गेला आणि त्या मुलखात बराच काळ राहिला. तो काही दरबारी कवी नव्हता. विकायला एक घोडा घेऊन आलेला, कफल्लक होण्याच्या बेतात असलेला माणूस. त्यामुळे त्याची नजर किमतीवर असते. बीदरच्या सुलतानाची स्वारी निघते तिचे त्याने केलेले वर्णन आजच्या कुठल्याही फँटसी दिग्दर्शकाला हेवा वाटावा असे आहे. पोलादी पाखर घातलेले शेकडो हत्ती, त्यांच्या पाठीवर लाकडी बुरूज, बुरुजात कुठे सहा तर कुठे बारा हत्यारबंद माणसे, सुळ्यांना बांधलेल्या प्रचंड तलवारी. खोरासानी सरदार घोड्यावर, स्वतः चिलखतात आणि घोडाही चिलखतात.

आणि त्यांच्या पुढे कोण चालते? पायदळ. अनवाणी, जवळजवळ उघडे, एका हातात ढाल आणि दुसऱ्या हातात तलवार. निकितीन हे कुठलाही आव न आणता सांगतो, जसे बाजारभाव सांगावेत तसे. त्याच वृत्तान्तात तो हेही नोंदवतो की या देशात माणसे फार, खेड्यापाड्यांतले लोक अत्यंत दीन आणि सरदार मात्र अपार श्रीमंत. मी हे वाचले तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. चिलखताचा खरेपणा त्या खोरासानी स्वाराच्या कड्यांत नाही. तो त्याच्या पुढे चालणाऱ्या उघड्या पाठीत आहे.

बीदरचा किल्ला मी पाहिला आहे. आपल्याकडून जायचे तर बेळगाव, विजापूर, कलबुर्गी असा लांबचा पल्ला, आणि सगळी वाट उन्हाची. किल्ल्याच्या एका अंगाला खडक खोदून एकामागे एक असे तीन खंदक काढले आहेत. त्या खंदकांच्या काठावर दुपारी बाराला उभे राहावे आणि अंगावर दहा किलो लोखंड आहे अशी नुसती कल्पना करावी. नुसत्या सुती शर्टात माझा जीव मेटाकुटीला आला होता. तापलेल्या कडीला बोट लावता येणार नाही. म्हणूनच चिलखताच्या वर कापड पांघरत. आत कापूस, मध्ये लोखंड, वर कापड. आणि इथे हे सगळे घालून सहसा कोणी पायी चालत नसे. इथल्या चिलखताला घोडा लागे. फँटसीतल्या हजारो चिलखतधारी पायदळाने डोंगर चढताना मला जो प्रश्न पडतो, त्याचे मूळ इथे आहे.

घोडा म्हटला की गोष्ट आपल्या अंगणात येते. दख्खनच्या हवेत चांगला लढाऊ घोडा निपजत नसे. तो अरबस्तानातून, होर्मुझहून गलबतात घालून आणावा लागे आणि उतरवावा लागे तो चौल, दाभोळ नाहीतर गोव्याच्या बंदरात. गोवे बंदर हातात असणे म्हणजे घोड्याचा लगाम हातात असणे. बहामनी वजीर महमूद गवान याने १४७२ साली विजयनगरच्या ताब्यातून गोवा जिंकला त्याचे एक मोठे कारण हेच. त्याच वर्षाच्या सुमारास बीदरला त्याचा प्रसिद्ध मदरसा उभा राहिला. निळ्या फरशांचे थोडे अवशेष अजून त्याच्या भिंतीवर आहेत. पुढे १५१० मध्ये आल्फोन्सो द आल्बुकर्क आला, त्यालाही या घोड्यांची किंमत नेमकी कळत होती. आणि घाटावर चढवलेले घोडे विकायचे कुठे? निकितीनने लिहिले आहे की आळंदला, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद गावी, शेख अलाउद्दीनच्या दर्ग्यापाशी वर्षातून एकदा दहा दिवसांची जत्रा भरे आणि तिथे वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला येत.

म्हणजे बीदरच्या एका स्वाराच्या अंगावर चिलखत चढायचे तर त्याच्यामागे होर्मुझचे गलबत, मांडवीच्या काठावरचा धक्का, जकात, घाट चढवणारे मोतद्दार, आळंदचा बाजार, तार ओढणारा लोहार, कापूस टाचणारा शिंपी, आणि या सगळ्याचे पैसे ज्याच्या शेतसाऱ्यातून येत तो रयतेतला माणूस, एवढी साखळी होती. चिलखत ही कड्यांची साखळी आहे म्हणतात, ती ही. बहुतेकांना ती परवडत नसे. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज दुआर्त बार्बोझ याने दख्खनच्या स्वारांच्या कापूस भरलेल्या कोटांविषयी लिहिले आहे. गरिबाचे चिलखत ते. आणि पायदळाला तेही नसे.

लोखंडाने सगळेच वाचत नाही, हेही बीदरलाच शिकावे. घोडे, किल्ले, फौजा यांची व्यवस्था आयुष्यभर पाहिलेल्या महमूद गवानाचा अंत रणात झाला नाही. विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचे खोटे पत्र तयार केले, सुलतानाने ते खरे मानले आणि १४८१ साली त्या म्हाताऱ्या वजिराचे मस्तक उडवले. इस्फंदियारला डोळे उघडे होते, याला शिक्का.

आता मराठी माणसाच्या मनातले सर्वांत मोठे चिलखत. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. तिथली गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण तिच्यातला चिलखताचा धडा आपल्या नजरेतून निसटतो. महाराजांनी चिलखत अंगरख्याच्या आत घातले होते आणि मंदिलाखाली लोखंडी टोप. ते दाखवायचे नव्हते. खानाचा वार कुशीत आला, लोखंडावर खरखरला आणि फुकट गेला. आपण मरू शकतो हे नीट ओळखून, त्याची तजवीज करून आणि तरीही भेटीला जाणाऱ्या माणसाचे ते धैर्य आहे. चिलखताने ते कमी होत नाही, उलट त्यानेच ते मोजता येते. 'जिरेटोप' या शब्दातला 'जिरे' म्हणजे फारसी 'जिरह', कड्यांचे चिलखत. आज जिरेटोप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोत्यांचा तुरा येतो. शब्दातले लोखंड कधी गळून पडले, आपल्याला कळलेही नाही.

गळून पडले ते रंगभूमीवरही. गोव्यातल्या देवळांच्या उत्सवांत ऐतिहासिक नाटके पाहत माझी पिढी वाढली. ट्रंकेतून येणारी ड्रेपरी, पत्र्याची नाहीतर पुठ्ठ्याची छातीपट, चंदेरी जाळी, घामाने ओघळणारा रंग. त्या नाटकांची मी चेष्टा करणार नाही. त्यांनीच आम्हांला भाषा दिली. तिथे पुठ्ठा पुठ्ठाच आहे हे आम्हांला माहीत असे, नटालाही माहीत असे, आणि शब्दांच्या बळावर सगळे त्यापलीकडे जात. आपल्या डिचोली-सत्तरीतली शिगम्यातली घोडेमोडणी पाहा. कमरेला लाकडी घोडा, फुलांचे हार, हातात नंगी तलवार. लोखंडी कडी औषधालाही नाही. तरी ढोल-ताशावर ते स्वार पुढे सरसावतात तेव्हा अंगावर काटा येतो, कारण ते लोखंडाचे सोंग आणतच नाहीत. माझी तक्रार आहे ती कोट्यवधी रुपये खर्चून लोखंडाचे सोंग आणणाऱ्या आणि मग त्याला वजनच न देणाऱ्या फँटसीशी.

कोणी म्हणेल, खऱ्या राजेरजवाड्यांनीही शोभेची चिलखते केलीच की. केली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली अशी कितीतरी संग्रहालयांत आहेत. लोखंड, पितळ आणि तांबे यांच्या कड्यांची सुंदर नक्षी, पण कड्यांना रिवेट नाही, टोके नुसती टेकवलेली. एक बरा वार पडला तर उघडतील. पण ती कधी आली? बंदुकीपुढे चिलखताचे दिवस भरत आल्यावर, स्वारी मिरवणुकीपुरती उरल्यावर. जुनी दमदार वस्तू पाहायची तर इंग्लंडात लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये भारतातून गेलेली हत्तीची पाखर आहे. काही भाग हरवूनही तिच्यात ५,८४० पत्रे उरले आहेत आणि वजन ११८ किलो. ती हत्तीने खरोखर वाहिली असणार, हे तिच्याकडे बघताच कळते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गोष्ट ही विरंगुळ्यासाठी असते. तिच्यात शेतसारा, लोहार आणि अनवाणी पायदळ कशाला? मी असे म्हणत नाही की प्रत्येक कादंबरीत लोहाराचा हिशेब मांडा. चंद्रकांतेतले ऐयार मला तितकेच प्रिय आहेत जितके कोणालाही. पण ज्या गोष्टीत सगळे सैन्य एकसारखे चकचकीत चिलखतात असते, ती गोष्ट नकळत एक खोटे सांगते: की राज्ये सगळ्यांना सारखे सांभाळत होती. कधीच सांभाळत नव्हती. ज्याच्या कष्टातून कडी घडली त्याच्या अंगावर ती क्वचितच आली. ही गोष्ट झाकणारी फँटसी मला पोकळ वाटते, आणि एका वाक्यात का होईना ती दाखवणारी फँटसी, मग तिच्यात दहा ड्रॅगन असोत, खरी वाटते.

मराठीत सध्या अद्भुतकथा लिहू पाहणारी तरुण मुले आहेत, ही आनंदाची गोष्ट. त्यांच्या कथांतले किल्ले मात्र बहुधा बर्फात असतात आणि सैनिकांची नावे परकी वाटतात. त्यांना माझे एवढेच सांगणे: एकदा बीदरला जा. परका मुलूख नाही तो. भालकी-औरादकडे मराठी कानावर पडते, आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले तोवर हा सगळा एकच जिल्हा होता. तिथे काळ्या धातूवर चांदी ठोकणारे बिदरी कारागीर आजही बसलेले दिसतात. त्यांच्या हाताकडे तासभर बघा, म्हणजे हजारो कड्या ठोकणे काय असते याचा अंदाज येईल. मग खुशाल ड्रॅगन उडवा. फक्त तुमचा नायक चिलखत उतरवील तेव्हा त्याच्या खांद्यावर वळ असू द्या, आणि त्याच्या घोड्यापुढे चालणाऱ्या माणसाच्या अंगावर काय आहे, ते एकदा वळून बघायला सांगा त्याला.